निरोप: एक ठरवून दिलेला, एक नकळत घडलेला

दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ ही आपल्या शाळांतील जुनी आणि हळवी रीत आहे. नववीची मुले फळा सजवतात, शिक्षक चार शब्द सांगतात, जाणाऱ्यांचे डोळे पाणावतात. वर्गाला मात्र कोणी निरोप देत नाही. तो तेथेच राहतो, जूनमध्ये येणाऱ्या नव्या तुकडीची वाट पाहत. क्वचित असेही घडते, की जाणते खेळाडू आणि त्यांना घडवणारी वास्तू एकाच वेळी निरोप घेतात. क्रीडेच्या इतिहासातील अशा दोन प्रसंगांची येथे आठवण करावयाची आहे. त्यांपैकी एक दूरच्या अमेरिकेतील आहे. दुसरा आपल्याच देशातील, चंडीगडचा.

चंडीगडचे सेक्टर २२ हे त्या नियोजित शहरात सर्वांत आधी वसलेल्या भागांपैकी एक. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या वास्तुरचनाकार दांपत्याचा हात त्याच्या घडणीला लागला. या सेक्टरच्या एका चौकात सेक्टर १६, १७, २२ आणि २३ असे चार सेक्टर एकत्र येतात. चौक ओलांडला की सेक्टर १६, आणि तेथेच शहराचे जुने क्रिकेट मैदान. देशप्रेम आझाद या गुरूंनी चंडीगडमध्ये जी मुले तयार केली, त्यांत कपिलदेव निखंज होते आणि चेतन शर्माही होते. १९८६ मध्ये आझाद यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. क्रिकेटच्या प्रशिक्षकाला मिळालेला तो पहिलाच द्रोणाचार्य.

२३ नोव्हेंबर १९९० रोजी या मैदानावर भारत आणि श्रीलंका यांच्यातील कसोटी सामना सुरू झाला. भारताच्या २८८ धावांना उत्तर देताना श्रीलंकेचा पहिला डाव अवघ्या ८२ धावांत आटोपला. डावखुरा फिरकी गोलंदाज वेंकटपती राजू याने १७.५ षटके टाकली; त्यांतील १३ निर्धाव गेली आणि केवळ १२ धावांत ६ गडी बाद झाले. एका बाजूने असंका गुरुसिन्हा ५२ धावांवर नाबाद राहिला. फॉलोऑननंतर पाहुण्यांचा दुसरा डाव १९८ धावांत संपला आणि भारताने एक डाव व ८ धावांनी विजय मिळवला. त्या भारतीय संघात सतरा वर्षांचा सचिन तेंडुलकर होता, आणि आपल्या जन्मगावी खेळणारे कपिलदेवही होते.

सामना संपला, प्रेक्षक घरी गेले. तो निरोपाचा सामना होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेजारच्या मोहालीत नवे, प्रशस्त मैदान उभे राहिले. १९९३ च्या नोव्हेंबरात तेथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना आणि १९९४ च्या डिसेंबरात पहिली कसोटी झाली. कपिलदेव यांनी आपली अखेरची कसोटी मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे खेळली होती. १३१ कसोटींच्या कारकिर्दीत त्यांच्या शहराने त्यांना कसोटीत पाहिले ते एकदाच. सेक्टर १६ च्या मैदानावर पुन्हा कसोटी झाली नाही. ज्येष्ठ खेळाडूचा आणि जुन्या मैदानाचा तो एकत्रित निरोप होता. पण हार नव्हते, भाषण नव्हते, कारण कोणाला कल्पनाच नव्हती.

याच्या अगदी उलट चित्र अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात दिसले. तेथील बास्केटबॉल संघाचे घर म्हणजे कोल फील्ड हाऊस. १९५५ च्या डिसेंबरात उघडलेल्या या बंदिस्त क्रीडागारात सुमारे साडेचौदा हजार प्रेक्षक बसत. १९६६ मध्ये महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा अंतिम सामना येथेच झाला. टेक्सास वेस्टर्नने पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीला ७२-६५ असे हरवले, आणि वर्णभेदाच्या भिंतीला मोठे भगदाड पडले. १९७२ मध्ये चीनचा टेबल टेनिस संघ येथे खेळून गेला. दोन दुरावलेल्या राष्ट्रांतील संवादाची ती एक पायरी ठरली.

या क्रीडागाराचा निरोप दिवस आणि वेळ ठरवून झाला. ३ मार्च २००२ रोजी व्हर्जिनियाविरुद्ध मेरीलँडने तेथे शेवटचा सामना खेळला आणि तो ११२-९२ असा जिंकला. त्या दिवशी हुआन डिक्सन, लॉनी बॅक्स्टर, बायरन माऊटन हे अखेरच्या वर्षाचे विद्यार्थीही घरच्या प्रेक्षकांसमोर शेवटचे खेळत होते. प्रशिक्षक गॅरी विल्यम्स स्वतः विद्यार्थिदशेत याच फरशीवर खेळलेले. पुढे चारच आठवड्यांनी, १ एप्रिलला, अटलांटा येथे याच संघाने इंडियानाला ६४-५२ असे नमवून विद्यापीठाला बास्केटबॉलचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. जुन्या वास्तूतील शेवटची तुकडी तिचे सर्वांत मोठे यश घेऊन बाहेर पडली.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की वाटते, भाग्यवान कोण? समारंभपूर्वक निरोप मिळालेल्या कोल फील्ड हाऊसमध्ये आज अमेरिकी फुटबॉलच्या सरावाचे बंदिस्त मैदान आहे. बास्केटबॉल तेथून गेला तो गेलाच. निरोप न मिळालेल्या सेक्टर १६ च्या मैदानावर मात्र देशांतर्गत सामने होतात, क्रिकेट चालू आहे. वैभव मोहालीला गेले. उमेदवारी जुन्या जागी राहिली.

आपल्या नागपूरचा अनुभवही असाच आहे. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक घेतली. चंडीगडच्या आझादांचे शिक्षण विदर्भात फळाला आले. त्याच दिवशी सुनील गावसकर यांनी आपले एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. त्यानंतर ते केवळ एक आंतरराष्ट्रीय सामना खेळले, तोही आपल्या मुंबईत, वानखेडेवर. एक शिष्य उमलत होता, एक ज्येष्ठ मावळत होता, आणि ते मैदानही पुढे मागे पडले. २००८ पासून नागपूरच्या कसोटी सामन्यांचा मान जामठ्याच्या नव्या मैदानाकडे गेला.

राजूची षटके आज आपल्याला मोजून सांगता येतात, कारण धावफलक लिहिणारा कोणीतरी तेथे बसला होता. आझादांनी कोणत्या सकाळी कोणत्या मुलाला काय शिकवले, याचा धावफलक मात्र कोणी लिहिला नाही. शाळेचा इतिहासही बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा असतो. निकालांचे तक्ते उरतात. मैदानावर संध्याकाळी थांबणारे सर विस्मृतीत जातात.

कोणता निरोप अखेरचा, हे त्या क्षणी ओळखता येईलच असे नाही. नोंद मात्र ठेवता येते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील जुनी सांघिक छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येकाच्या मागे, डावीकडून उजवीकडे, नावे लिहून ठेवावीत. ती नावे ठाऊक असलेली माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होणार आहे.