प्रिऑन प्रथिन : मानवी रक्तपेशी आणि जनुकीय वैविध्य

प्रिऑन प्रथिन हे पेशीच्या बाह्य आवरणावर राहणारे नैसर्गिक प्रथिन आहे. चेतापेशींत ते विपुल असते, पण रक्तपेशींवरही आढळते. क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग या भीषण मेंदूविकाराशी जोडले गेल्यामुळे ते मुळातच विषारी असावे, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. निरोगी माणसाच्या रक्तात ते जन्मभर असते. घात होतो तो त्याच्या रेणूची घडी बिघडल्यावर. बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूंनाही तीच घडी घ्यायला लावतो, आणि संसर्ग पसरतो. त्यासाठी विषाणू किंवा जिवाणू लागत नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ही कल्पना १९८२ मध्ये मांडली आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात त्यांना कडवा विरोध सहन करावा लागला.

या प्रथिनाचे जनुक, पीआरएनपी, २० व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. त्यावरून २५३ ॲमिनो अम्लांची साखळी तयार होते. तिच्या दोन्ही टोकांचे तुकडे छाटले जातात आणि उरलेला रेणू जीपीआय नावाच्या मेदयुक्त नांगराने पेशीच्या आवरणाला जखडला जातो.

रक्तपेशींवर या प्रथिनाची वाटणी सारखी नाही. अस्थिमज्जेतल्या मूलपेशींवर ते असते. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर ते टिकते. ग्रॅन्युलोसाइट मात्र परिपक्व होता होता ते बहुतांशी गमावतात. प्लेटलेटमध्ये त्याचा मोठा साठा असतो. तो आतल्या कणिकांत राहतो आणि प्लेटलेट उद्दीपित झाली की पृष्ठभागावर येतो, काही अंशी बाहेरही सुटतो. एका तांबड्या पेशीवर त्याचे रेणू थोडेच असतात. परंतु एका घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख असतात, म्हणून एकूण हिशेबात त्यांचा वाटाही दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही. हे प्रथिन रक्तात नेमके काय काम करते, याचे उत्तर अजून अपुरे आहे. लिम्फोसाइट उद्दीपित होण्याशी त्याचा संबंध १९९० मध्ये दाखवला गेला. उंदरांवरील २००६ च्या प्रयोगांत, मूलपेशींना दीर्घकाळ स्वतःची संख्या टिकवण्यासाठी ते उपयोगी पडते असे दिसले.

जनुकीय बदलाचा रक्तातल्या या प्रथिनावर थेट परिणाम पाहायचा असेल, तर पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया या आजाराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. येथे प्रिऑनचे जनुक शाबूत असते. बिघाड असतो पिगा या दुसऱ्याच जनुकात, आणि तोही आनुवंशिक नसून एखाद्या मूलपेशीत आयुष्यात कधीतरी झालेला. त्या मूलपेशीच्या वंशातल्या रक्तपेशींना जीपीआय नांगर बनवता येत नाही, त्यामुळे त्या नांगरावर टिकणारी इतर अनेक प्रथिने आणि त्यांच्यासोबत प्रिऑन प्रथिनही पृष्ठभागावरून नाहीसे होते. एकाच माणसाच्या रक्तात हे प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या पेशी शेजारीशेजारी वाहत असतात.

पीआरएनपी जनुकातला सर्वाधिक अभ्यासला गेलेला भेद १२९ व्या स्थानावरचा आहे. तेथे एका अक्षराच्या फरकाने मेथिओनीन किंवा व्हॅलीन येते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत मिळत असल्याने तीन प्रकार संभवतात. ब्रिटिश लोकसंख्येत सुमारे ४० टक्के लोकांत दोन्ही मेथिओनीन, जवळजवळ निम्म्यांत एकेक आणि दहा-बारा टक्क्यांत दोन्ही व्हॅलीन असतात. जपानमध्ये ९० टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या प्रकारचे आहेत. दोन्ही प्रती सारख्या असणाऱ्यांना आपोआप उद्भवणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग अधिक प्रमाणात होतो, हे १९९१ मध्ये लक्षात आले.

वेड्या गाईंच्या रोगातून माणसात आलेला या रोगाचा नवा प्रकार ब्रिटनमध्ये १९९६ साली नोंदवला गेला. त्याचे तपासलेले रुग्ण वर्षानुवर्षे मेथिओनीन-मेथिओनीन प्रकारचेच निघत होते. बाकीचे लोक सुरक्षित आहेत, असा दिलासा त्यातून घेणे सोपे होते. तो दिलासा रक्तानेच मोडला. २००४ मध्ये दोन नोंदी प्रसिद्ध झाल्या. पहिल्या रुग्णाला १९९६ मध्ये तांबड्या पेशी चढवल्या होत्या; रक्तदाता पुढे याच रोगाने दगावला आणि रुग्णाला साडेसहा वर्षांनी लक्षणे दिसली. दुसरी नोंद वैज्ञानिकदृष्ट्या अधिक मोलाची मानावी लागते. ती व्यक्ती मिश्र प्रकारची होती, रक्त घेतल्यानंतर पाच वर्षांनी वेगळ्याच कारणाने वारली, तिचा मेंदू स्वच्छ होता. परंतु प्लीहा आणि लसीका ग्रंथी यांत बिघडलेले प्रथिन सापडले. म्हणजे मिश्र जनुकप्रकाराने संसर्गाला दार बंद केले नव्हते. त्या प्रकारच्या माणसात मेंदूचा रोग दिसल्याची पक्की नोंद २०१६ मधील एका रुग्णामुळे झाली.

पुढे २०१३ मध्ये ब्रिटनमधील शस्त्रक्रियांत काढलेल्या ३२,४४१ आंत्रपुच्छांच्या तपासणीचा निष्कर्ष आला : १६ नमुन्यांत बिघडलेले प्रथिन होते, साधारण दोन हजारांत एक. त्यांत तिन्ही जनुकप्रकार होते. तेथे प्रत्यक्ष रुग्ण मात्र दोनशेच्या आतच राहिले. यावरून १२९ व्या स्थानाचा प्रभाव संसर्ग होण्यावर जितका दिसतो, त्याहून तो मेंदूपर्यंत पोहोचण्यावर आणि त्याला लागणाऱ्या काळावर अधिक असावा, असे मानण्यास आधार मिळतो.

अन्य भेदांपैकी दोन उल्लेखनीय. पूर्व आशियात आढळणारे २१९ व्या स्थानावरील लायसीन आपोआप उद्भवणाऱ्या रोगापासून संरक्षण देते. पापुआ न्यू गिनीत कुरू या प्रिऑन-रोगाने ग्रासलेल्या भागात १२७ व्या स्थानावर व्हॅलीन असलेली, त्या रोगापासून वाचवणारी प्रत आढळली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध माणसाच्या अलीकडच्या उत्क्रांतीचा लखलखीत पुरावा आहे. ही प्रत घातलेल्या उंदरांनी २०१५ च्या प्रयोगांत विलक्षण प्रतिकार दाखवला. या जनुकाची एक प्रत निकामी असलेली माणसेही निरोगी आढळली आहेत, त्यामुळे हे प्रथिन कमी करणाऱ्या औषधांच्या शोधाला बळ मिळाले.

रक्तपेढ्यांचे नियम मात्र जनुकप्रकार पाहून बनवलेले नाहीत, आणि वरील पुरावा पाहता ते योग्यच होते. ब्रिटनने १९९९ पर्यंत सर्व रक्तघटकांतून पांढऱ्या पेशी गाळून काढण्याची पद्धत लागू केली. रक्त चढवल्यामुळे संसर्ग झालेल्या चारही ज्ञात व्यक्तींना त्यापूर्वीचे, न गाळलेले रक्त मिळाले होते. हा उपाय पुरेसा आहे असे मात्र नाही : रोगग्रस्त हॅमस्टरांच्या रक्तावरील २००४ च्या प्रयोगात गाळणीने केवळ ४२ टक्के संसर्गक्षमता काढली, बरीचशी रक्तद्रवात उरली. त्याच वर्षी १९८० नंतर रक्त घेतलेल्यांना ब्रिटनमध्ये रक्तदानास मनाई झाली. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये तीन महिने किंवा अधिक राहिलेल्यांना अमेरिकेत रक्त देता येत नसे. त्या काळात लंडन-लेस्टरला राहून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा नियम लागू होता. तो २०२२ मध्ये उठवण्यात आला.