शेराफिम

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या टाकसाळीत पाडले जाणारे रौप्य नाणे. ‘अशरफी’ या नावाचे हे पोर्तुगीज रूप होय. अशरफी मुळात सोन्याची. गोव्यात मात्र ते नाव चांदीच्या, तेही हिणकस चांदीच्या, नाण्यास चिकटले.

मध्ययुगीन यूरोपात कोलोन, माइन्त्स, साल्झबर्ग इ. ठिकाणचे आर्चबिशप हे प्रदेशाचेही स्वामी असल्याने स्वतःच्या नावाने चांदीची नाणी पाडीत. माग्डेबुर्कचा आर्चबिशप विखमान (कार. ११५२–९२) वर्षातून दोनदा जुनी नाणी परत घेऊन त्यांच्या बदल्यात कमी संख्येने नवी देई; हा एक प्रकारचा करच होता. गोव्याच्या आर्चबिशपास टाकसाळीचा असा हक्क कधीच मिळाला नाही. आलेशू द मेनेझिश या आर्चबिशपाने १६०७–०९ मध्ये गव्हर्नरपदही सांभाळले, तथापि नाणी पाडण्याचा हक्क राजाकडेच राहिला. परंतु हा राजा निव्वळ ऐहिक सत्ताधीश नव्हता. पहिला मानुएल हा राज्यावर येण्यापूर्वीपासून ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या धार्मिक-लष्करी संघाचा प्रमुख होता आणि १५५१ मध्ये पोपच्या आज्ञेने हे पद पोर्तुगालच्या राजपदास कायमचे जोडले गेले. त्यामुळे गोव्याच्या नाण्यांवरील धर्मचिन्हे केवळ शोभेची मानता येत नाहीत.

आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेताच तिमोजा व इतर प्रमुख रहिवाशांनी नव्या नाण्याची मागणी केली. राजाज्ञेवाचून नाणे पाडण्यास तो प्रथम कचरत होता. पण नाणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण असल्याने त्याने अखेर टाकसाळ उघडली. तिच्यातील ‘एश्फेरा’ या रौप्य नाण्याच्या एका बाजूस उपर्युक्त संघाचा क्रूस व दुसऱ्या बाजूस मानुएलचे गोलयंत्र होते. १५४९ च्या सुमारास सेंट टॉमसच्या प्रतिमेचे सुवर्णनाणे निघाले. राजा सेबाश्तियांव (कार. १५५७–७८) याच्या काळात शेराफिमवर सेंट सेबॅस्टियन आला. त्या संताच्या सणादिवशी जन्मल्यामुळेच राजाला ते नाव मिळाले होते. नाण्याच्या मागील बाजूस बाणांची जुडी असे. हे बाण त्या हुतात्म्याच्या छळाचे चिन्ह होत.

शेराफिमची किंमत ५ टांगा म्हणजे ३०० रेईश धरीत. त्यास ‘परदाव शेराफिम’ असेही म्हणत. यातील ‘परदाव’ हा शब्द विजयानगरच्या ‘प्रताप’ या सुवर्णनाण्याच्या नावावरून आला. एकाच नाण्याच्या नावात मुसलमानी व हिंदू राजवटींच्या आठवणी आणि त्याच्या अंगावर ख्रिस्ती संत, असा हा चमत्कारिक मेळ होता. वसई व मुंबईकडेही ही मोजणी रूढ झाली. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही तेथील हिशोब बराच काळ शेराफिममध्ये चालले.

संताच्या प्रतिमेने नाण्याचा कस मात्र वाढला नाही. आर्चबिशपाचा चिटणीस म्हणून १५८३–८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन या नाण्यास उघडपणे हिणकस म्हणतो. खोट्या नाण्यांचाही सुळसुळाट होता, त्यामुळे सराफाने पारखल्याशिवाय कोणी रक्कम स्वीकारीत नसे. सरकारी किंमत काहीही असो, बाजारात खरा निवाडा रस्त्यावरील सराफच करी.

पुढे गोव्याच्या रौप्य नाण्यांवर संताच्या जागी क्रूस व नंतर राजाचा मुखवटा आला. १८८१ पासून कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडलेला ‘रुपिया’ गोव्यात चालू झाला.