दुसऱ्या पसंतीच्या मताची कुळकथा

राज्यसभेची किंवा विधान परिषदेची निवडणूक आली की मराठी वर्तमानपत्रांत कोटा, पहिल्या पसंतीची मते, दुसऱ्या पसंतीची मते असे शब्द दिसू लागतात. हॉटेलांत नेऊन ठेवलेले आमदार आणि घोडेबाजाराच्या बातम्याही पाठोपाठ येतात. मग वाचणाऱ्याला वाटते, ही पद्धत फोडाफोडीसाठीच कोणीतरी काढली असावी. तिचे मूळ मात्र एका शाळामास्तरापाशी जाते.

थॉमस राइट हिल हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे शिक्षक. मुलांना आपली समिती निवडायची होती, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला आपल्या आवडत्या मुलाशेजारी जाऊन उभे राहायला सांगितले, अशी हकीकत आहे. एखाद्याभोवती गरजेपेक्षा जास्त मुले जमली तर जादा मुले दुसऱ्याकडे जात. ज्याच्याभोवती अगदी मोजकी मुले असत, त्याचे समर्थकही दुसरा आधार शोधत. एकाचेही मत वाया जात नसे. 1819 मध्ये हिल यांनी बर्मिंगहॅमच्या एका साहित्य-विज्ञान मंडळासाठी हेच तत्त्व नियमात बसवले: कोणतेही पाच सभासद एकत्र आले की समितीवर त्यांचा एक माणूस. पुढे पोस्टाच्या पेनी तिकिटासाठी जगभर नाव झालेले रोलंड हिल हे त्यांचे चिरंजीव. त्यांच्या प्रयत्नाने 1840 मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या नगर परिषदेच्या निवडणुकीत वडिलांची कल्पना वापरली गेली.

हिल यांचा नियम लहान मंडळापुरता होता. मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा क्रम लिहायचा आणि मुलांऐवजी कागद हलवायचे, ही पुढची पायरी दोघांनी स्वतंत्रपणे गाठली. डेन्मार्कचे गणिती आणि मंत्री कार्ल आंद्रे यांनी 1855 मध्ये आपल्या देशाच्या प्रतिनिधी सभेच्या काही जागांसाठी ती आणली. लंडनचे बॅरिस्टर थॉमस हेअर यांनी 1857 ची पुस्तिका आणि 1859 चा ग्रंथ यांतून ती मांडली. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल तर तिने भारावून गेले. खासदार असताना 1867 मध्ये त्यांनी ती ब्रिटिश संसदेपुढे ठेवली, पण सभागृहाला ती पेलली नाही.

हेअर यांच्या हिशेबात एक अडचण होती. एकूण मतांना जागांनी भागून आलेला कोटा फार मोठा पडे. हेन्री ड्रूप या दुसऱ्या बॅरिस्टरने 1868 मध्ये तो दुरुस्त केला: जागांच्या संख्येत एक मिळवून भागा, आणि उत्तरात एक मिळवा. आजही मुंबईच्या विधान भवनात हाच हिशेब चालतो. 10 जून 2022 च्या राज्यसभा निवडणुकीत सहा जागा होत्या आणि वैध मते 284. प्रत्येक मताचे मूल्य 100 धरून 28,400 ला सातने भागले, अपूर्णांक सोडला, एक मिळवला. कोटा आला 4,058. सहाव्या जागेच्या लढतीत संजय पवार यांना पहिल्या पसंतीची 33 मते, धनंजय महाडिक यांना 27. तरी निवडून आले महाडिक, कारण त्यांच्याच पक्षाच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मते होती आणि कोट्यावरचे मूल्य दुसऱ्या पसंतीनुसार महाडिकांकडे गेले. हिल यांच्या शाळेतली जादा मुले सरकली, तशीच ही मते सरकली.

टास्मानियात अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांनी 1896 मध्ये या पद्धतीचा कायदा करून घेतला. आयर्लंडने तर ती राज्यघटनेतच घातली; 1959 आणि 1968 मध्ये ती काढण्यासाठी सार्वमत झाले, दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला.

भारतात तिने केलेले सर्वांत मोठे काम आपल्याला क्वचितच सांगितले जाते. 1946 मध्ये संविधान सभेचे प्रतिनिधी प्रांतिक विधानसभांनी निवडायचे होते, तेही एकल संक्रमणीय मताने, म्हणजे याच पद्धतीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत दारुण पराभव झाला होता. मुंबईच्या विधानसभेत त्यांना पाठिंबा देणारे पुरेसे आमदार नव्हते. बंगालमध्ये फेडरेशनचे एकमेव आमदार होते जोगेंद्रनाथ मंडल. त्यांनी खटपट करून आणखी काही आमदारांची मते जमवली आणि बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेत पोहोचले. प्रत्येक जागेसाठी साधे बहुमत लागले असते, तर काँग्रेसच्या संख्याबळापुढे ती मूठभर मते निष्फळ ठरली असती. फाळणीच्या निर्णयामुळे त्यांचे ते सदस्यत्व गेले. मग 1947 च्या जुलैत, बॅ. मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर, या वेळी काँग्रेसच्या पाठिंब्याने, ते पुन्हा निवडून आले. पण पहिले दार उघडले ते या पद्धतीने.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीलाही आपल्या संविधानाने हीच पद्धत लावली. 1969 मध्ये तिची खरी कसोटी लागली. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य असे: व्ही. व्ही. गिरी 4,01,515, नीलम संजीव रेड्डी 3,13,548, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख 1,12,769. कोटा 4,18,169 चा. तो कोणीच गाठला नाही. देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. तिचा मोठा वाटा रेड्डींना गेला, तरी गिरी 4,20,077 वर पोहोचले आणि रेड्डी 4,05,427 वर थांबले. देशमुखांना मत देणाऱ्यांचा शब्द शेवटच्या फेरीपर्यंत मोजला गेला, हे मला त्या निकालातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

लोकसभेला मात्र ही पद्धत मिळाली नाही. 1949 च्या जानेवारीत काही सदस्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी केली, तेव्हा खुद्द आंबेडकरांनी विरोध केला: लोक साक्षर नाहीत आणि सरकार स्थिर राहायला हवे. पहिले कारण त्या काळी खरेच होते. 1951 च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती. आज ते उरलेले नाही. दुसरे कारण लोकसभेपुरते अजूनही वजनदार आहे.

महापालिकांना तेही लागू पडत नाही. 2017 मध्ये पुण्यासारख्या महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते आणि मतदाराने प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे होते. अशा रचनेत एका पक्षाची लाट आली की चारही जागा त्याच्याच, आणि प्रभागातल्या एक तृतीयांश मतदारांचा एकही नगरसेवक नाही. स्कॉटलंडने स्थानिक परिषदांसाठी 2007 पासून मुख्यतः तीन-चार सदस्यांचे प्रभाग ठेवून पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय यांचे आरक्षण त्यात कसे बसवायचे हा प्रश्न अवघड आहे, पण कायदा करणाऱ्यांना न सुटणारा नाही. आमदारांना जो हक्क आहे, तो प्रभागातल्या मतदारालाही द्यावा. निदान एका महापालिकेत ही पद्धत वापरून पाहावी.