खोब्रागडे : एका आडनावाचा मागोवा

आडनाव हे इतिहासाचे साधन आहे, असे आम्ही मानतो. ज्या समाजाच्या वंशावळी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, त्याच्या बाबतीत हे साधन अधिकच मोलाचे ठरते. वर्धा नदीकाठच्या घुग्घुसमध्ये कोळशाच्या खाणींमुळे ठिकठिकाणची कुटुंबे एकत्र आली. या परिसरात कानी पडणाऱ्या आडनावांपैकी काही आपला अर्थ स्वतःच सांगतात : रामटेके म्हटले की रामटेक आठवते, डोंगरे म्हटले की डोंगर, टेंभुर्णे म्हटले की टेंभुर्णीचे झाड. खोब्रागडे हे आडनाव मात्र इतक्या सहज उलगडत नाही.

शब्द फोडला तर 'खोबरे' आणि 'गड' अशी जोडी हाती लागते. परंतु हा मुलूख धानाचा आणि सागाचा, नारळाचा नव्हे. दुसरा धागा नकाशावर सापडतो. गडचिरोली जिल्ह्यात खोब्रागडी नावाची नदी वाहते व वैनगंगेस मिळते. तिच्याच परिसरातील वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. हिऱ्यांची नोंद बादशाही दप्तरात झाली. त्या भूमीत राबणाऱ्यांची झाली नाही. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात, महारांच्या कुळांची नावे बहुधा वनस्पती, प्राणी व निसर्गातील वस्तू यांवरून आल्याचे नमूद केले आहे. केवळ नामसाम्य हा निर्णायक पुरावा नव्हे. तथापि खोबऱ्यापेक्षा नदीशी असलेले नाते आम्हांस अधिक संभवनीय वाटते.

नावाची प्रतिष्ठा मात्र त्याच्या उगमावर अवलंबून नसते. मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने ओळखला जातो, हीच वसलसुत्तातील शिकवण आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या आयोजनात बॅ. राजाभाऊ खोब्रागडे अग्रभागी होते. पुढे १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. धर्म बदलला, आडनाव तेच राहिले. पण त्याचे स्थान बदलले.

दुसरे उदाहरण शेतातले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली धानाच्या पिकात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांतून बारीक तांदळाचे नवे वाण सिद्ध केले. ते दूरवर पसरले, परंतु त्यास नाव मिळाले एचएमटी, म्हणजे त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे! निर्मात्याचे नाव मागेच राहिले. त्यांच्या नंतरच्या एका वाणास 'डीआरके' हे नाव लाभले, तेव्हा कुठे त्यांच्या नावाची आद्याक्षरे धानावर उमटली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांची नावे इतरांनी नोंदली नाहीत, त्यांनी ती स्वतः नोंदली पाहिजेत. वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून आपले मूळ गाव, नदी व शिवार यांची नावे विचारून लिहून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे. आपल्या इतिहासाचे दप्तर तेथूनच सुरू होईल.