शमी आणि वेडी बाभूळ

आपण राहतो त्या बन्नीमंटपाचे नावच मुळी एका झाडावरून पडले आहे. कानडीतली बन्नी म्हणजे आपली शमी. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत ती आहे. महाराष्ट्रात दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून देतात, इकडे बन्नीची देतात. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती हिच्याच ढोलीत. म्हणून म्हैसूरचे महाराज विजयादशमीला राजवाड्यातून मिरवणुकीने शमीपूजनाला इकडे येत, आणि जंबू सवारी आजही याच रस्त्याने बन्नीमंटपापर्यंत येते.

आता माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या रेल्वेच्या माणसाने झाडांवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण असे की शमीची एक लांबची नातेवाईक या देशात आली, तिच्या येण्याला थोडीफार रेल्वेही जबाबदार आहे.

1876 ते 1878 हा दक्षिणेतल्या मोठ्या दुष्काळाचा काळ. बंगळूर-म्हैसूर मीटरगेजचे मातीकाम दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाले आणि 1882 पर्यंत गाडी म्हैसूरला पोचली. त्या काळी दक्षिणेतली कित्येक इंजिने लाकडावर चालत, शिवाय स्लीपर लाकडाचे. ही भूक जंगलांना कशी खाते आहे, हे मद्रास इलाख्याचे वनाधिकारी क्लेगहॉर्न यांनी 1861 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले होते. त्यांच्या नंतरचे वनाधिकारी बेडोम यांनी 1876 साली सरकारकडे एका अमेरिकन झाडाचे बी मागितले. पाण्यावाचून वाढणारे, जळणाला उत्तम, असे हे झाड. 1877 मध्ये बी आले आणि आजच्या आंध्रातल्या कडप्पा भागात कमलापुरमला लावले गेले. मागणी अगदी शहाणपणाची होती. त्या परिस्थितीत आपणही तेच मागितले असते.

हीच ती वेडी बाभूळ. कानडीत बळ्ळारी जाली, गुजरातीत गांडो बावळ, म्हणजे पुन्हा वेडीच! हिच्या गोड शेंगा गुरे-शेळ्या आवडीने खातात, बी शेणातून न पचता बाहेर पडते आणि जिथे गुरे जातात तिथे रुजते. पाला मात्र जनावर सहसा तोंडात घेत नाही. शमीचे उलट आहे. तिचा पाला चारा होतो, तिच्या सावलीत बाजरी वाढते. राजस्थानात खेजडी म्हणतात ती हीच. 1730 साली खेजडलीच्या 363 बिश्नोईंनी तिच्यासाठी प्राण दिले. दोन्ही झाडे लांबून सारखी दिसतात, पण काट्यावरून ओळखता येतात. शमीचे आखूड काटे फांदीभर विखुरलेले असतात, वेडीचे पानाच्या बेचक्यात बहुधा जोडीने. शास्त्रज्ञांनीही 2022 साली दोघींचे कूळ वेगळे केले. शमी प्रोसोपिसच राहिली, वेडी बाभूळ नेल्टुमा झाली.

लोहमार्गावर काम केलेल्या कोणालाही विचारा. वळणावर किंवा लेव्हल क्रॉसिंगला समोरचे दिसेनासे होते म्हणून ही तोडली, तर पुढच्या पावसानंतर एका खोडाच्या जागी पाच-सहा धुमारे उभे! योगायोग पाहा, कच्छमधल्या प्रसिद्ध गवताळ प्रदेशाचे नावही बन्नी. रणाची खार पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने 1960 नंतर तिथे हीच लावली. आज ते गवत बऱ्याच भागात तिच्याखाली गेले आहे, आणि तिथल्या मालधारींपैकी काहींचे पोट मात्र तिच्याच कोळशावर चालते. मग सरसकट उपटा असे तरी कसे म्हणावे?

गाजर गवताचे तर आपण मराठी माणसांनी जास्त बोलायला नको. ते देशात प्रथम लोकांच्या नजरेत भरले ते पुण्यात, 1955 साली! (अमेरिकेच्या पी.एल. 480 च्या गव्हातून आले असे आपण ऐकतो, पण तो करार 1956 चा.) त्यावर मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा 1984 साली पहिल्यांदा सोडला तो आपल्या बंगळूरला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो, पण एकट्याच्याने काम आटोपत नाही.

आपल्या बंडीपूर आणि बिळिगिरी रंगन डोंगरात खरा त्रास घाणेरीचा, म्हणजे टणटणीचा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून कलकत्त्यात आणली, पाखरांनी फळे खाऊन रानोमाळ नेली. 2020 च्या एका अभ्यासाप्रमाणे देशातल्या वाघांच्या सुमारे 40 टक्के क्षेत्रात ती पसरली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही. गवत नाही तर चितळ नाही, मग वाघाने खावे काय? दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी तिच्यावर एक साधी रीत बसवली. वरवर छाटायचे नाही. जमिनीखाली, जिथून धुमारे फुटतात त्या भागाच्या खाली मुळावर घाव घालायचा, झुडूप उपटून उलटे करून ठेवायचे, आणि मोकळ्या जागेत लगेच देशी गवत आणायचे. पुढे दोन-तीन वर्षे नवी रोपे उपटत राहायचे. माझ्या मते गाडे अडते ते इथेच. आमच्या लाइनचेही तसेच आहे, रूळ टाकायला पैसा मिळतो, रोज रूळ तपासणाऱ्या गँगचा खर्च मात्र डोळ्यांवर येतो.

बिळिगिरीचे सोलिग लोक आणखी एक गोष्ट सांगतात. पूर्वी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावत, त्यात घाणेरीची कोवळी रोपे जळून जात. 1974 साली अभयारण्य झाले आणि ती पद्धत बंद पडली. त्यांच्या मते घाणेरी माजली ती त्यानंतर. आता तिची दाट जाळी झाल्यावर आग लागली तर ती झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते, म्हणून जुनी आग जशीच्या तशी परत आणणेही सोपे राहिलेले नाही. शेजारच्या मलै महादेश्वर डोंगरात सोलिग कारागीर याच घाणेरीच्या काटक्या उकडून, सोलून खुर्च्या आणि टोपल्या करतात. वेतापेक्षा स्वस्त पडतात आणि वाळवी लागत नाही.