राजा कुठे बसला आहे?

सातारा जिल्ह्यातील औंधच्या संग्रहालयात भवानराव पंतप्रतिनिधींनी जमवलेली लघुचित्रे आहेत. त्यांत मुघल शैलीचीही आहेत. अशी चित्रे पाहण्याचा नाद लागल्यापासून मी एक गोष्ट आधी शोधतो. राजा आणि बैरागी एका चौकटीत आले, की कोण कुठे बसला आहे?

जहांगीराने १६१७ साली उज्जैनजवळ गोसावी जदरूपची भेट घेतली. शेवटचे अंतर तो पायी गेला. आपल्या आठवणींत तो गुहेच्या अरुंद तोंडाची मापे देतो, आत अंथरायला काहीच नव्हते असे सांगतो आणि जदरूपचा वेदान्त म्हणजेच सूफींचे तसव्वुफ, अशी नोंद करतो. या भेटीचे चित्र पॅरिसच्या गीमे संग्रहालयात आहे. त्यात बादशहा गोसाव्यासमोर जमिनीवर बसला आहे; घोडा आणि लवाजमा खाली खोळंबला आहे.

त्याच सुमारास बिचित्र या चित्रकाराने हाच बादशहा वाळूच्या घड्याळाच्या आसनावर बसवला. डोक्यामागे सूर्यचंद्रांचे तेजोवलय. समोर तुर्की सुलतान आणि इंग्लंडचा राजा जेम्स असूनही जहांगीर ग्रंथ देतो तो सूफी शेख हुसेनला. म्हातारा शेख तो हातात न घेता वस्त्रात झेलतो.

पहिल्या चित्रात राजा खाली उतरतो. दुसऱ्यात फकिराला मान देऊन स्वतःच मोठा होतो. आदर खरा असेलही. पण दोन्ही चित्रे दरबारात तयार झाली. जदरूपला या भेटीबद्दल काय वाटले, हे कोणी रंगवले नाही.

आमच्या भागात हा प्रश्न कागदावर राहिला नाही. एप्रिल १७०० मध्ये जहांगीराच्या नातवाने, औरंगजेबाने, साताऱ्याचा किल्ला घेतला आणि लगेच परळीला, म्हणजे सज्जनगडाला, वेढा घातला. १६८२ पासून तिथे समर्थ रामदासांची समाधी होती. बादशहाला हवा होता तो गड. जूनमध्ये तो मिळाला आणि त्याचे नाव ‘नौरसतारा’ झाले. आजोबा गोसाव्याकडे पायी गेला होता. नातू बैराग्याच्या गडाखाली तोफा घेऊन आला. १७०७ साली अहमदनगरला वारल्यावर मात्र त्याला खुलताबादला, सूफी जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याजवळ, साध्या उघड्या कबरीत पुरले. तशी त्याचीच इच्छा होती.

सांगली जिल्ह्यात मिरजेला ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे. तिथल्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. संताच्या दारात आधी कोण, याचा निवाडा तिथे कुठल्या दरबाराने केलेला नाही. असे चित्र कोणा बादशहाने काढवून घेतले नसते.