बुडालेले ग्रंथ आणि मराठी हगादा

१/ अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. महाराष्ट्रातील मराठीभाषक यहुदी, म्हणजेच बेने इस्रायल, आपल्या आगमनाची कथा अशी सांगतात. तिला समकालीन लेखी पुरावा नाही. परंतु या समाजाने पुढे स्वतःचे ग्रंथ कसे घडवले, याचा पुरावा छापील आहे. हा धागा त्या पुस्तकांविषयी.

२/ ग्रंथांवाचून धर्म टिकला तो आचारात. सुंता, अन्नाचे निर्बंध, 'शेमा' ही प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून कोकणात त्यांचे नाव पडले 'शनिवार तेली'. आडनावे गावांवरून आली: किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर.

३/ एकोणिसाव्या शतकात कोचीच्या यहुदी शिक्षकांनी त्यांना हिब्रू शिकवले. ख्रिस्ती मिशनरीही आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये खास बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने विद्या घेतली आणि ती स्वधर्माच्या अभ्यासाला लावली.

४/ १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर हिब्रू-मराठी हगादा निघाली. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेची ही कथा पेसाख सणाच्या रात्री घरी वाचतात. लहान मुलांनी प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी ती सांगायची, असा प्रघात. मुलांना समजायची तर ती घरच्या भाषेत हवी, आणि घरची भाषा मराठी होती.

५/ १८७४ ची पुण्याची हगादा सचित्र आहे. तिच्यातील काही चित्रे युरोपीय हगादांच्या वळणाची आहेत. परंतु सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात दिसतात.

६/ जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. तोवर पाठ म्हटल्या जाणाऱ्या शब्दांचा अर्थ सामान्य घरांपर्यंत पोहोचला.

७/ यानंतरची पायरी इतिहासाची. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाच्या चालीरीती, घराणी आणि आख्यायिका नोंदवून १८९७ मध्ये इंग्रजीत इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या संपादनाखाली. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून होते आणि लेखक तोवर हयात नव्हते.

८/ या नोंदींचे मोल पुढे कळले. इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने वंशाची चौकशी आवश्यक ठरवली. समाजाने निदर्शने केली. अखेर १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे इस्रायल सरकारने स्पष्ट केले. आपण कोण, हे इतरांपुढे सिद्ध करण्याची वेळ कोकणात शतकानुशतके धर्म पाळलेल्या लोकांवर आली होती.

९/ नवगावचे जहाज खरोखर फुटले का, हे या पुस्तकांवरून ठरत नाही. मात्र हा समाज आपल्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलत होता, हे त्यांच्या पानोपानी दिसते. यहुदी इतिहास वाचणाऱ्याने युरोपाबरोबर ही मराठी पानेही चाळावीत, आणि मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यानेही ती वगळू नयेत.